ले ग्रँडचे नेक्टरिन

१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यातून पीच, प्लम आणि द्राक्षे बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वे डब्यांतून शिकागो आणि न्यू यॉर्कच्या बाजारात जात होती. त्याच खोऱ्यात पिकणाऱ्या नेक्टरिनचा बराचसा भाग मात्र उन्हात वाळवला जाई. चवीत हे फळ पीचपेक्षा उणे नव्हते. वासाने तर ते पीचच्या वरचढच, असे सांगणारे बागायतदार पुष्कळ होते. पण ते आकाराने लहान, बहुधा पांढऱ्या गराचे आणि पिकताच मऊ पडणारे होते. पीचच्या अंगावरची बारीक लव त्याला नसते. त्यामुळे फांदीचा ओरखडा, फुलकिड्याने खरवडलेला डाग, पेटीत बसलेला दाब असे सारे त्याच्या गुळगुळीत सालीवर लगेच उमटते. बुरशीही त्याला लवकर धरते. पूर्वेकडच्या व्यापाऱ्याने पेटी उघडावी आणि माल नाकारावा, असा अनुभव असताना शेतकरी ते लावणार तरी कशासाठी?

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हे चित्र पालटले आणि नेक्टरिन पीचच्या बरोबरीने बाजारात उभे राहिले. हा बदल मुख्यतः एका छोट्या गावात राहणाऱ्या एका माणसाच्या चिकाटीमुळे झाला. पण त्याच्यापर्यंत पोचायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

नेक्टरिन ही वेगळी वनस्पती नाही. ते लव नसलेले पीच आहे, इतकेच. पण हे सत्य लोकांच्या गळी उतरायला फार वेळ लागला, कारण बाजारात, पाककृतीत आणि रोपवाटिकांच्या याद्यांत ही दोन फळे नेहमीच वेगळी मांडली गेली होती. लंडनचा कापड व्यापारी आणि हौशी बागकर्मी पीटर कॉलिन्सन याने १७४१ मध्ये पीचच्या झाडाला नेक्टरिन लागल्याची नोंद केली. पुढे १७६६ मध्ये त्याने आणखी दोन उदाहरणे जोडली. अशा नोंदी साचत गेल्या. कुठे पीचच्या एकाच फांदीवर गुळगुळीत फळे आली, तर कुठे एकच फळ अर्धे लव असलेले आणि अर्धे नसलेले निघाले. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात, पाळीव प्राण्यांत आणि लागवडीखालच्या वनस्पतींत बदल कसे घडतात याची चर्चा करताना, या उदाहरणांना बरीच पाने दिली आहेत. एका जुन्या झाडाची एकच कळी अचानक वेगळे फळ का धरते, हा प्रश्न त्याला अस्वस्थ करीत होता.

डार्विनला माहिती पुरवणाऱ्यांत हर्टफर्डशायरमधल्या सॉब्रिजवर्थचा थॉमस रिव्हर्स होता. हा पिढीजात रोपवाटिकेचा मालक. इंग्लंडच्या थंड, ओल्या हवेत पीच-नेक्टरिन पिकवण्यासाठी त्याने काचघरात कुंड्यांमधून झाडे वाढवण्याची पद्धत रूढ केली. कोयी लावून नवी झाडे तयार करायची, फळ धरेपर्यंत थांबायचे आणि त्यातले उत्तम तेवढे कलमाने वाढवायचे, हा त्याच्या घराण्याचा उद्योग होता. पीचच्या कोयीतून नेक्टरिन उगवते आणि नेक्टरिनच्या कोयीतून पीच, हे त्याने वारंवार पाहिले. त्याच काळात सीरियातून आलेल्या कोयीपासून यॉर्कशायरच्या स्टॅनविक पार्कमध्ये एक अप्रतिम गोड नेक्टरिन तयार झाले. ते 'स्टॅनविक' नावाने गाजले, पण इंग्लंडच्या हवेत त्याची साल तडकत असे. ही सगळी फळे सरदार-जमीनदारांच्या मेजावर जाणारी होती. काचघरातून खोलीपर्यंत हाताने न्यायचे फळ मऊ असले तर बिघडत काहीच नव्हते.

कॅलिफोर्नियात स्टॅनविक पोचले, रिव्हर्सच्या जाती पोचल्या. त्यांच्या बरोबरीने आणखी एक पाहुणा आला, आणि तो आपल्या जवळचा होता. अमेरिकेच्या कृषी खात्याने १८९८ मध्ये परदेशी बियाणे आणि रोपे आणण्यासाठी खास शाखा उघडली. तिचा प्रमुख डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्याचे सहकारी जगभर फिरून झाडे गोळा करीत. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या वायव्य टोकावरच्या क्वेट्ट्यातून, बलुचिस्तानच्या त्या फळबागांच्या शहरातून, एक नेक्टरिन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अमेरिकेला गेले आणि 'क्वेट्टा' याच नावाने लावले जाऊ लागले. प्रवास सोसण्यात ते इतरांपेक्षा सरस ठरले. या खात्याच्या वहीत पुण्याचे नावही आहे. १८८९ मध्ये पुण्याहून मागवलेल्या मलगोबा आंब्याच्या कलमांपैकी फ्लोरिडात जगलेल्या झाडापासून पुढे 'हेडन' ही जात निघाली आणि तिच्यावर फ्लोरिडाचा आंब्याचा व्यापार उभा राहिला. आपल्याकडच्या फळांनी परक्या मातीत जाऊन घडवलेला इतिहास आपण फार कमी सांगतो. क्वेट्टा नेक्टरिन त्याच इतिहासाचे एक पान आहे.

चांगली झाडे हाताशी आली, तरी त्यांचे गुण एकत्र आणायचे कसे, हे कळायला मेंडेलचे नियम हवे होते. ते १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. न्यू जर्सीच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात ब्लेक आणि कॉनर्स यांनी पीचचे हजारो संकर करून फळाचे कोणते गुण कसे उतरतात याचा हिशेब मांडला. गुळगुळीत साल अप्रभावी असते. पीच आणि नेक्टरिनचा संकर केला, तर पहिल्या पिढीतली सगळी झाडे लव असलेलीच फळे देतात. त्या झाडांच्या कोयी पुन्हा लावल्या की दुसऱ्या पिढीत सरासरी चारांतले एक झाड नेक्टरिन देते. पिवळा गरही असाच अप्रभावी, पांढरा प्रभावी. म्हणजे पांढऱ्या गराच्या नेक्टरिनमध्ये पिवळ्या गराच्या पीचचे गुण आणायचे, तर गुळगुळीत साल आणि पिवळा गर एकत्र आलेले झाड दुसऱ्या पिढीत सोळांत एक निघणार. त्यातही मोठा आकार, घट्ट गर, देखणा रंग, योग्य वेळी पिकणे आणि भरघोस उत्पादन हे गुण एकेका जनुकाने ठरत नाहीत. ते सगळे एका झाडात यावेत, तर सोळांची संख्या हजारांवर जाते.

आणि यातले प्रत्येक झाड म्हणजे जमीन, पाणी आणि वर्षे. फूल उमलण्याआधीच, गुलाबी कळी फुगलेली असताना, तिच्यातले पुंकेसर चिमट्याने किंवा नखाने काढून टाकायचे. पीच स्वतःच्याच परागाने फळ धरते, त्यामुळे इथे एक दिवसाचा उशीरही चालत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग आणून स्त्रीकेसरावर टेकवायचे. फळ पिकले की कोय काढून दोन-तीन महिने ओल्या थंडीत ठेवायची, नाहीतर ती रुजत नाही. रोप लावल्यावर पहिले फळ दिसायला तीनेक वर्षे. त्या फळाची चव घेऊन बहुतेक झाडे उपटायची. उरलेल्या मोजक्यांचे डोळे दुसऱ्या खुंटावर भरून पुन्हा तपासायचे, वेगळ्या शेतात, वेगळ्या उन्हाळ्यात. संकर केल्यापासून जात शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. माणसाच्या उमेदीच्या काळात हे चक्र दोन किंवा तीनदाच पुरे होते.

हे काम प्रचंड प्रमाणावर करून दाखवणारा पहिला अमेरिकी माणूस ल्यूथर बरबँक. योगानंदांच्या 'योगी कथामृत'मुळे मराठी वाचकांना तो परिचित आहे. ते पुस्तक त्याच्याच स्मृतीला अर्पण केलेले आहे. सांता रोझा गावात तो हजारो रोपे वाढवी, त्यांतून एखादे निवडी आणि बाकीची जाळून टाकी. त्याच्या हाताखाली तरुणपणी काम केलेल्यांत फ्रेड अँडरसन होता. बरबँक नोंदी ठेवण्यात ढिला, पण झाडाकडे पाहण्यात विलक्षण होता. रोपाची पाने आणि चण पाहून फळाचा अंदाज बांधायची ती नजर शिष्यांनी जवळ राहूनच उचलावी लागे.

अँडरसनने मर्सेड परगण्यातल्या ले ग्रँड या गावी आपले काम मांडले. इतरांनी पीच, प्लम, बदाम यांच्याकडे पाहिले. त्याने नेक्टरिन धरले, आणि ते सोडले नाही. व्यापाऱ्याने नाकारलेल्या फळावर आयुष्याची वर्षे लावणे हा मोठा धोका होता. सरकारी पगार त्याच्या मागे नव्हता. त्याला जे फळ हवे होते त्याचा आराखडा स्पष्ट होता: पीचएवढे मोठे, पीचएवढे घट्ट, पिवळ्या गराचे, लांबून डोळ्यांत भरेल असे लाल, आणि तरीही गुळगुळीत. १९४२ मध्ये त्याने ते बाजारात आणले आणि त्याला गावाचेच नाव दिले, 'ले ग्रँड'. ऑगस्टमध्ये पिकणाऱ्या या फळाची कोय गराला घट्ट चिकटलेली असे. पण ते पेटीत बसून पूर्वेच्या बाजारात शाबूत पोचत होते. आधीच्या कोणत्याही नेक्टरिनला हे इतके चांगले साधले नव्हते.

या यशामागे एक कायदाही उभा होता. १८७५ मध्ये बरबँकने आपल्या बटाट्याचे हक्क १५० डॉलरला विकले होते. त्याच बटाट्याच्या खरबरीत सालीच्या वाणाचे पुढे अमेरिकाभर पीक झाले, आज फ्रेंच फ्राइजसाठी तोच वापरला जातो. पण बरबँकला त्यातून आणखी काही मिळाले नाही. फळझाडाचे तर एक कलम घेतले की कुणीही त्याची हजार झाडे करू शकतो. बरबँक १९२६ मध्ये वारला. रोपवाटिकांच्या मालकांनी त्याचे उदाहरण पुढे करून काँग्रेसमध्ये कायद्याची मागणी लावून धरली, थॉमस एडिसनने तिला पाठिंबा दिला, आणि मे १९३० मध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी वनस्पती पेटंट कायद्यावर सही केली. कलमाने वाढणाऱ्या नव्या जातीवर निर्मात्याला १७ वर्षे हक्क मिळाला. कंदाने वाढणारी पिके, म्हणजे मुख्यतः बटाटा, यातून वगळली गेली. पहिले पेटंट १९३१ मध्ये एका वेली गुलाबाला मिळाले. ले ग्रँडलाही ते मिळाले. विकल्या जाणाऱ्या झाडांवर निर्मात्याचा हक्क राहिल्यामुळे पुढच्या संकरांसाठी पैसा उभा करणे शक्य झाले.

आपल्या द्राक्षपट्ट्यात याच्या उलट घडले, हे इथे सांगितलेच पाहिजे. तासगाव भागातले 'तास-ए-गणेश' किंवा सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडलेले 'सोनाका' ही शेतकऱ्यांच्या नजरेने ओळखलेली रत्ने आहेत. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली वेल त्यांनी वेचली आणि जपली. त्यांच्या काड्या गावोगाव गेल्या, हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली, पण निवडणाऱ्याला प्रत्येक वेलीमागे काही देणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. जात सर्वांची झाली, हे मला मनापासून चांगले वाटते. तरीही त्या माणसांना त्यांच्या नजरेचे मोल मिळायला हवे होते, असेही तितकेच वाटते. अमेरिकी कायद्याने एक बाजू सोडवली आणि दुसरी अवघड केली: आज अनेक देशांत उत्तम जाती लावण्यासाठी शेतकऱ्याला परवाना घ्यावा लागतो.

ले ग्रँडनंतर अँडरसन थांबला नाही. १९५० च्या सुमारास त्याने 'सन ग्रँड' आणले. त्याची कोय सुटी होती. मग लवकर पिकणारे 'अर्ली सन ग्रँड', उशिरा येणारे 'लेट ले ग्रँड' आणि 'सप्टेंबर ग्रँड' आले. नावांमधला हा क्रम म्हणजे व्यापाराची गरज होती. एकच जात दोन-तीन आठवडे फळ देते आणि तेवढ्यासाठी दुकानदार फळ्यांवर जागा ठेवत नाही. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत एकामागून एक पिकणाऱ्या जातींची साखळी तयार झाली, तेव्हाच नेक्टरिनचा हंगाम उभा राहिला. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिवळ्या नेक्टरिनच्या वंशावळीत कुठेतरी ले ग्रँड सापडते. अँडरसनला आधुनिक नेक्टरिनचा जनक म्हणतात, ते यामुळे.

त्याच्याकडे काम शिकायला आलेल्यांत दोन नावे मोठी झाली. नॉर्मन ब्रॅडफर्डने ले ग्रँडमध्येच त्याचा वारसा पुढे नेला. दुसरा फ्लॉइड झायगर, १९५० च्या दशकाच्या मध्यावर अँडरसनसोबत काम केलेला तरुण. नंतर मोडेस्टोला त्याने बायको आणि तीन मुलांसह आपला उद्योग उभारला. मोठाली झाडे कुंड्यांत वाढवून ती काचघरात आणायची, म्हणजे वेगवेगळ्या वेळी फुलणाऱ्या झाडांना एकाच वेळी फुलवता येते, ही त्याची हातोटी. प्लम आणि जर्दाळूच्या संकरातून त्याने 'प्लुओट' दिला, आणि नेक्टरिनमध्ये पांढऱ्या गराच्या, कमी आंबट जातींची 'आर्क्टिक' मालिका. तैवानसारख्या आशियाई बाजारांत याच गोडीला मागणी होती. अँडरसनच्या पिढीने मागे टाकलेला पांढरा गर असा परतला, पण आता तो घट्ट आणि पेटीबंद प्रवासाला तयार होता.

खाजगी संकरकांच्या बरोबरीने सरकारी काम चालूच होते. फ्रेस्नोच्या केंद्रात जॉन वाइनबर्गर याने १९६९ मध्ये 'फँटेशिया' आणि 'फ्लेवरटॉप' ही नेक्टरिने दिली. फँटेशिया चिली, न्यूझीलंड अशा कित्येक देशांत पसरले. याच वाइनबर्गरने आपल्या सहकाऱ्यासोबत १९७३ मध्ये 'फ्लेम सीडलेस' हे लाल द्राक्ष दिले. ते नाशिक आणि सांगलीच्या बागायतदारांना वेगळे सांगायला नको. सरकारी केंद्रातून आलेल्या अशा जाती परवान्याच्या अडसराशिवाय जगभर गेल्या.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. प्रवासाला टिकावे म्हणून फळ घट्ट असतानाच तोडले जाऊ लागले. रंग आधी चढतो आणि गर नंतर पिकतो, अशा जाती निवडल्या गेल्या. त्यामुळे लालबुंद दिसणारे नेक्टरिन चवीला कच्चे निघणे ही गिऱ्हाइकांची नेहमीची तक्रार झाली. त्यातच साठवणीत २ ते ८ अंश तापमानात राहिले की अनेक जातींचा गर रव्यासारखा कोरडा पडतो. शून्याच्या आसपास ठेवले तर तो बराच काळ टिकतो, पण घाऊक बाजारापासून घरच्या फ्रिजपर्यंतची थंडी नेमकी मधल्या घातक पट्ट्यातच येते. शिवाय मोजक्या पूर्वजांवर सगळी इमारत उभी राहिल्याने आनुवंशिक विविधता अरुंद झाली. एखादा नवा रोग आला, तर तोंड देणारे वेगळे झाड शोधायला पुन्हा चीन आणि मध्य आशियाच्या जुन्या बागांकडेच जावे लागते.

डेल रे गावचा शेतकरी-लेखक डेव्हिड मास मासुमोतो याने १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या दैनिकात या बदलावर लिहिले. पुढे १९९५ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्याच्याकडे 'सन क्रेस्ट' नावाचे रसाळ पीच होते, पण पुरेसे लाल नाही आणि टिकत नाही म्हणून बाजाराने ते नाकारले होते. मासुमोतोचे घराणे जपानी वंशाचे. ले ग्रँड बाजारात आले त्याच १९४२ साली कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या शेतकऱ्यांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले. त्याच्या आईवडिलांनी ती वर्षे ॲरिझोनात काढली आणि परतून पुन्हा शेती उभी केली. त्याने सन क्रेस्टची झाडे तोडली नाहीत. त्याच्या शेतात 'ले ग्रँड'ही आहे, आणि आज ते 'जुने, अस्सल चवीचे' नेक्टरिन म्हणून विकले जाते. घट्टपणासाठी निवडलेले फळ अर्ध्या शतकाने चवीसाठी जपावे लागले, यावरून मधल्या काळात निवड किती एकांगी झाली ते कळते.

गुळगुळीत सालीचे मूळ कारण २०१४ मध्ये सापडले. पीचचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला होता. त्याच्या आधारे इटालियन संशोधकांनी दाखवले की लव वाढवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा घुसून ते निकामी झाले, की नेक्टरिन तयार होते. आता रोप हातभर असतानाच त्याच्या पानावरून कळते की हे लव असलेले फळ देणार की नाही. जी झाडे अँडरसनला तीन-तीन वर्षे पाणी घालून वाढवावी लागली, ती आज लावावीच लागत नाहीत. लवकर पिकणाऱ्या जातींत फळ तयार होते, पण कोयीतला गर्भ अपुरा राहतो. तो काढून प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र फ्रेस्नोच्याच केंद्रात डेव्हिड रॅमिंगने विकसित केले, म्हणून आता दोन्ही पालक लवकर पिकणारे घेता येतात. 'मेफायर' हे लवकर येणारे नेक्टरिन त्याच केंद्रातून निघाले.

मेफायर, स्नो क्वीन, सिल्व्हर किंग या जाती आज हिमाचलच्या कुल्लू, मंडी आणि सिरमौर भागांत लावल्या जातात. थंडीचे तास कमी मिळणाऱ्या मधल्या उंचीच्या डोंगरात सफरचंदाला अडचण येते, तिथे बागायतदारांना हे फळ आधी पिकून आधी पैसे देते. फ्लोरिडाच्या संशोधकांनी कमी थंडीत फुलणाऱ्या पीचशी संकर करून तयार केलेले 'सन रेड' त्याहून खाली, पंजाबच्या पायथ्यापर्यंत येते. क्वेट्ट्याच्या बागेतून निघालेल्या नेक्टरिनने ज्या व्यापाराच्या उभारणीत वाटा उचलला, त्याच व्यापारातून घडलेली ही कलमे अमेरिकेतून आपल्याकडे येतात. सोलनजवळच्या नौणीच्या फलोद्यान विद्यापीठात आणि लुधियान्याच्या कृषी विद्यापीठात आता त्यांच्या चाचण्या आपल्या हवेसाठी होतात.